फायलीचं कुलूप

जुना लॅपटॉप एकदम गेला नाही. आधी त्याचा पंखा घरघरायला लागला, मग बॅटरी फुगली, मग चार्जर काढला की तो लगेच मान टाकायला लागला. तरी मी त्याला वर्षभर ओढला. कारण एकच. त्याच्यावर माझं कुलूप चालत होतं.

कुलूप म्हणजे फायली बंद करून ठेवायचं एक साधं सॉफ्टवेअर. फायलीवर माउसचं उजवं बटण दाबायचं, समोर यादी उघडायची, तिच्यात कुलपाच्या चित्रावर क्लिक करायचं, पासवर्ड द्यायचा, झालं. उघडायची असली की तिच्यावर दोनदा क्लिक. काम संपवून बंद केली की ती आपली आपण पुन्हा कुलपात जायची. पासवर्ड सकाळी एकदा दिला की संध्याकाळपर्यंत पुन्हा विचारणं नाही. इतकं सोयीचं होतं, की ते आपण वापरतो हेसुद्धा मी विसरून गेले होते.

मी भाषांतरं करते, मराठीतून कन्नडमध्ये आणि उलटही. हुबळी-धारवाडच्या कोर्टांत अजूनही मराठी कागद येतात: जुनी वाटणीपत्रं, मृत्युपत्रं, आणि हल्ली नवराबायकोचे फोनवरचे मेसेज. ते न्यायाधीशांना कन्नडमध्ये द्यावे लागतात, म्हणून वकील माझ्याकडे पाठवतात. घरात मराठी आणि शाळेत कन्नड असं आमचं बालपण गेलं, त्याचा एवढा उपयोग झाला. पण या कामात एक गोम आहे. इथली मराठी घरं मोजकी. कुठलाही मराठी कागद उघडा, त्यातलं कुणीतरी कुणाच्यातरी नात्यातलं निघतंच. एका वाटणीच्या दाव्यात यजमानांच्या मावसभावाचं नाव निघालं, आणि त्याच आठवड्यात त्याच्या नातवाच्या मुंजीत मला तोंड मिटून जेवून यावं लागलं. म्हणून कुलूप.

शिवाय आमच्या घरात अक्का आहेत. अक्का म्हणजे माझ्या यजमानांची थोरली बहीण. त्यांचे यजमान गेल्यापासून त्या आमच्याकडेच असतात. धारवाडला मालमड्डीतल्या आमच्या घरात बसायला ऐसपैस जागा एकच, ती म्हणजे जेवायचं टेबल. त्याच्या एका टोकाला माझा लॅपटॉप आणि दुसऱ्या टोकाला अक्का, भाजी निवडत, जप करत, नाहीतर फोनवर बोलत. बसमधून जाताना दुकानांच्या पाट्या मोठ्याने वाचत जाणारी ही बाई. समोर अक्षर आलं की वाचणार, आणि वाचलं की बोलणार. आणि रोज संध्याकाळी त्यांचा हुबळीजवळच्या उणकलला फोन असे, त्यांच्या लहानपणच्या मैत्रिणीला. तो फोन सुरू झाला की आमच्या घरातली भाजीसुद्धा गुप्त राहत नसे.

शेवटी सुभाष रोडवरच्या एका दुकानातून नवा लॅपटॉप आणला. देखणा, हलका, आणि त्याच्यात नवी सिस्टिम. दुकानदाराने जुनं सगळं त्याच्यात उतरवून दिलं. घरी येऊन मी पहिली फाईल घेतली, उजवं बटण दाबलं, आणि यादीत कुलूपच नाही.

तिथून माझ्या डोक्याला जो ताप सुरू झाला तो आठवला तरी अजून संताप येतो. नव्या सिस्टिमने ती यादी सुटसुटीत केली होती, म्हणजे मला लागणारं सगळं उचलून आणखी एका यादीच्या पोटात घातलं होतं. तळाशी 'आणखी पर्याय' असं होतं, ते दाबलं की जुनी यादी यायची आणि त्यात माझं कुलूप. ते दाबलं की सगळा पडदा काळवंडायचा आणि मधोमध प्रश्न यायचा: या प्रोग्रामला तुमच्या संगणकात बदल करू द्यायचे का? होय म्हटलं की पासवर्ड. मग पुन्हा तोच पासवर्ड. आणि दुसरी फाईल घेतली की पुन्हा पहिल्यापासून सगळं. दोनदा क्लिक करून उघडायला जावं, तर विचारणार, ही फाईल कशाने उघडू? अगं बाई, ज्याने बंद केली त्यानेच उघड.

आणि एवढं करून फाईल उघडली की तिची एक बिनकुलपाची प्रत शेजारीच पडून राहायची. पूर्वी ती आपोआप नाहीशी व्हायची, आता ती मी हाताने पुसायची, मग कचऱ्याच्या डब्यात जाऊन तिथूनही पुसायची. त्यातच सिस्टिमची वेगळीच माया उतू जात होती. तुमच्या फायली सुरक्षित नाहीत, त्या आमच्याकडे वर नेऊन ठेवू का, असं ती दर थोड्या वेळाने विचारायची. मी नको म्हणायची. ती 'आत्ता नको' असं समजून परत यायची. कायमचं नको म्हणायला बटणच नव्हतं. भीक नको पण कुत्रा आवर, अशी माझी गत झाली.

दुकानात फोन केला. दुकानदाराने सगळं ऐकून घेतलं आणि कन्नडमध्ये शांतपणे विचारलं, "अदु याक बेक्री मॅडम?" म्हणजे, हवंय कशाला ते. लॅपटॉप उघडतानाच पासवर्ड लागतो, घरात कोण बघणार आहे? मी टेबलाच्या दुसऱ्या टोकाकडे बघितलं. अक्का मेथी निवडत होत्या आणि फोनवर कोण आहे याचा अंदाज घेत होत्या.

यजमानांचा सल्ला त्याहून सोपा होता. "कागदावर लिही की पहिल्यासारखं आणि कपाटात ठेव," ते म्हणाले. ते निवृत्त सरकारी नोकर, त्यांची सगळी श्रद्धा कपाटावर. त्या कपाटाची किल्ली फ्रिजवर असते, हे घरात सगळ्यांना ठाऊक आहे.

मग मी त्या सॉफ्टवेअरची नवी आवृत्ती उतरवून घेतली. जुनी काढली, नवी घातली, मशीन बंद करून चालू केलं. पडदा काळवंडायचा तेवढा थांबला, पण बाकीचा छळ तसाच. एकदा वैतागून हाताचा पंजा कळफलकावर टेकून बसले होते, बोट कुठल्याशा बटणावर होतं, आणि तसंच उजवं बटण दाबलं तर जुनी लांबलचक यादी थेट समोर, कुलपासकट. हात उचलला, पुन्हा दाबलं, नाही. एकेक बटण दाबून बघितलं तेव्हा शिफ्टचं बटण निघालं. ते दाबून धरलं की सगळं पूर्वीसारखं दिसतं. हे कुणी कुठे लिहून ठेवलं असेल तर मला सापडलं नव्हतं. त्या दिवशी मी स्वतःवर इतकी खूश झाले की अक्कांना न सांगता चहात आलं घातलं. त्यांना आलं सोसत नाही.

त्याच दिवसांत हुबळीच्या देशपांडे नगरमधल्या एका वकीलबाईंचं काम आलं. त्या कन्नडभाषक, तरुण, आणि कामाला चोख. त्यांच्याकडे एक मुलगी आली होती, सांगलीकडची, उणकलला तळ्याजवळच्या नव्या वस्तीत दिलेली, धारवाडच्या एका बँकेत नोकरीला. तिने आपली हकीकत मराठीत लिहून दिली होती, नवऱ्याचे मेसेज जोडले होते. ते सगळं कन्नडमध्ये करायचं होतं. वेगळं होण्याचा अर्ज होता, पण तिला हवी होती ती एकच गोष्ट, तिची पहिलीतली मुलगी. मागच्या उन्हाळ्यात भांडण झालं तेव्हा सासरच्यांनी त्या पोरीला थोरल्या दिरांकडे हैदराबादला पाठवून दिलं होतं आणि शाळा सुरू होईपर्यंत आईला तिच्याशी फोनवरसुद्धा बोलू दिलं नव्हतं. अर्जाची कुणकुण लागली तर पुन्हा तेच होणार, आणि या वेळी ती परत येईल याची खात्री नाही. "अर्ज दाखल होऊन पोरीबद्दल हुकूम मिळेपर्यंत वारासुद्धा लागू देऊ नका मॅडम," वकीलबाई म्हणाल्या.

मी फाईल उघडली आणि सासरचं नाव-पत्ता दोनदा वाचला. सासू म्हणजे अक्कांची मैत्रीण. तीच, संध्याकाळच्या फोनवरची.

काम नाकारायचं माझ्या मनात आलं होतं. पण मी नाही तर कोण, असं दुसरं कुणी इथे पटकन मिळत नाही, आणि त्या मुलीने लिहिलेलं पहिलं पान वाचून झालं होतं. मी काम घेतलं. दर वेळी शिफ्ट धरून उघडायची, अक्का अंघोळीला नाहीतर देवळात गेल्या की लिहायचं, त्यांच्या चपला वाजल्या की बंद करायची, प्रत पुसायची, डबा रिकामा करायचा. कंटाळून रडकुंडीला आले, पण कुलूप घातल्याशिवाय एकदाही उठले नाही. एवढं मी आजही छातीवर हात ठेवून सांगेन.

भाषांतर संपत आलं होतं. पितृपक्ष चालू होता, मुलांना दसऱ्याची सुट्टी लागली होती. सकाळी अक्का टेबलाशी आल्या आणि म्हणाल्या, "अगं, तुझ्या त्या पेटीत बघ की, अमावास्या किती वाजता लागते. ह्या कॅलेंडरातलं बारीक अक्षर दिसंना झालंय." फाईल बंद होती, प्रत पुसलेली होती, डबा रिकामा होता. मी निर्धास्तपणे लॅपटॉप त्यांच्याकडे वळवला आणि खालचं मुख्य बटण दाबलं.

पडद्यावर मोठा चौकोन उघडला. वर प्रोग्रामांची चित्रं, आणि खाली सिस्टिमने आपण होऊन, मला काही न विचारता, माझ्या सोयीसाठी, मी अलीकडे उघडलेल्या फायलींची नावं मांडून ठेवली होती. कुलपाने फाईल बंद होते, तिचं नाव नाही. आणि नाव मी घातलं होतं: 'उणकल तळ्याजवळची सून, मुलीचा ताबा'.

वकील लोक फायलींना आकडे देतात. आमच्यात माणसाला आकड्याने कोण ओळखतं? कुणाची कोण, कुठली, कुठे दिलेली, अशीच आमची ओळख. माझ्या सगळ्या फायलींची नावं तशीच होती: अळणावरच्या भावांची वाटणी, स्टेशन रोडच्या आजींचं मृत्युपत्र. इतकी वर्षं त्यांना कुलुपं घातली आणि दारावर पाट्या मात्र स्वच्छ मराठीत लावून ठेवल्या. जुन्या सिस्टिमने त्या कधी अशा चव्हाट्यावर मांडल्या नव्हत्या, म्हणून माझं हसं झालं नव्हतं, एवढंच.

अक्कांनी चष्मा वर सरकवला. बघितलं. बसमधल्या पाट्या मोठ्याने वाचणाऱ्या अक्का काहीच बोलल्या नाहीत, त्यावरून मला कळलं की त्यांनी वाचलं. "अमावास्या बघ," त्या म्हणाल्या. मी अमावास्या बघून सांगितली. त्या उठून खोलीत गेल्या.

मी यजमानांना गच्चीवर गाठून सांगितलं. "मग अक्काला सांग की, कुणाला बोलू नको म्हणून," ते म्हणाले. म्हणजे आपल्याच तोंडाने कबूल करायचं. मी वकीलबाईंना फोन लावला. नाव कुणीतरी बघितलंय, एवढंच सांगितलं, पण त्यांचा आवाज लगेच बदलला. "मग उद्याच सकाळी दाखल करू. आत्ताच्या आत्ता पाठवा," त्या म्हणाल्या. उरलेलं पान मी कसंबसं पुरं केलं, फाईल कुलूपबंद करून त्यांच्या ऑफिसला पाठवली, आणि दहा मिनिटांत तिथल्या कारकुनाचा फोन आला की उघडत नाही.

पासवर्ड बरोबर होता. त्यांनी तीनदा घातला, मी एकेक अक्षर सांगितलं. पण त्यांच्याकडे संगणक जुना, त्याच्यावर याच सॉफ्टवेअरची जुनी आवृत्ती, आणि माझं कुलूप नव्या आवृत्तीचं. जुन्याला ते ओळखू येईना. तुम्ही नवी आवृत्ती घ्या म्हटलं, तर त्यांची सिस्टिम ती घेईना. मी जुनी परत घालू गेले, तर एकदा नवी बसल्यावर माझी सिस्टिम जुनी घेईना. "पासवर्ड तेगदु कळसरी मॅडम," कारकून म्हणाला, पासवर्ड काढूनच पाठवा. मी त्याच्यावर खेकसले. त्याची काही चूक नव्हती, पण समोर तोच होता.

आणि नेमक्या त्या वेळी अक्का खोलीतून बाहेर आल्या. ठेवणीतली इरकल नेसलेल्या, हातात पर्स. "उणकलला जाऊन येते," त्या म्हणाल्या, आणि माझ्या कानाला फोन असतानाच बाहेर पडल्या.

कारकुनाला थांबवून मी धावत दारात गेले तर रिक्षा वळत होती. अक्कांना फोन लावला, तर तो आतल्या खोलीत वाजला. यजमान म्हणाले, "अशी एकदम गेली म्हणजे सांगायलाच गेली." त्यांना निदान गप्प बसता आलं असतं. मी वकीलबाईंना कळवलं, त्यांनी त्या मुलीला बँकेत फोन केला. ती काय म्हणाली विचारलं तर त्या म्हणाल्या, काही नाही, नुसती रडली. मला त्या सॉफ्टवेअरचा, नव्या सिस्टिमचा, ती नावं मांडणाऱ्या शहाण्याचा, अक्कांचा आणि माझा स्वतःचा इतका राग आला होता की लॅपटॉप उचलून विहिरीत टाकावा. आमच्याकडे विहीर नाही म्हणून तो वाचला.

दुपारी दारात रिक्षा थांबली. मी टेबलाशीच बसले होते, कारकुनाशी तिसऱ्यांदा हुज्जत घालत. अक्का आत आल्या, आणि त्यांच्या मागून एक लहान मुलगी, पाठीवर दप्तराची पिशवी, हातात बाहुली. "चप्पल तिथं काढ बाळ," अक्का तिला म्हणाल्या, आणि मला म्हणाल्या, "सुट्टी लागलीय. चार दिवस धारवाडच्या आज्जीकडे राहू दे म्हटलं. तिच्या आज्जीनं स्वतः कपडे भरून दिले. बँकेत फोन कर, तिच्या आईला म्हणावं, सुटली की इकडेच ये."

मी कारकुनाचा फोन ठेवला. "तुम्ही वाचलंत ना ते?" एवढंच विचारलं.

"वाचलं की. तुझ्या पेटीत काय लिहिलंय ते मला सांगू नको. त्याच्यापेक्षा जास्त हिची आज्जी मला फोनवर सांगते. मागच्या उन्हाळ्यात पोरीला हैदराबादला ठेवलं, सुनेची कशी जिरवली, ते हसत सांगत होती मला. ते मी कुणाला बोलले का?"

बोलल्या नव्हत्या. उन्हाळाभर त्या टेबलाच्या त्या टोकाला बसून ते ऐकत होत्या, आणि आम्हाला पत्ता नव्हता. जे माहीत होऊ नये म्हणून मी शिफ्ट धरधरून बोटं दुखवून घेतली, ते त्यांना माझ्याआधीपासून माहीत होतं.

"ताब्याचं प्रकरण म्हटल्यावर पोरगी आधी कुठं आहे ते बघायला नको?" त्या म्हणाल्या. "तू नुसतं कुलूप घालत बसलीस."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी लॅपटॉपच काखेत मारून हुबळीला गेले, वकीलबाईंच्या प्रिंटरला जोडला, आणि कागद काढून दिले. अर्ज त्याच दिवशी दाखल झाला. वाटेत बसमध्ये एकदा उघडून बघितला, तर सिस्टिमने मला विचारलं, तुमच्या फायली सुरक्षित करायच्या का.

पण ते दुसऱ्या दिवशीचं. त्या संध्याकाळी मुलीची आई बँकेतून सरळ आमच्याकडे आली. तिने पोरीला जवळ घेतलं आणि बराच वेळ सोडलंच नाही. अंधार पडला तसा अक्कांचा फोन वाजला. सून घरी पोचली नव्हती, आणि उणकलला आता सगळं लक्षात आलं होतं.

अक्का खुर्चीवर बसूनच बोलल्या, आमच्या सगळ्यांसमोर. "हो, इथंच आहे. दोघीही." मग थोडं ऐकून, "नाही, तुझ्या सुनेनं नाही सांगितलं मला. मीच आणली. हो, तुझ्याशी खोटं बोलून आणली." पलीकडचा आवाज मला टेबलाच्या या टोकापर्यंत ऐकू येत होता, शब्द कळत नव्हते. अक्कांनी फोन कानापासून दूर केला नाही. सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "बरं," आणि ठेवला.

मी पाणी आणून दिलं. त्यांनी ते घेतलं नाही.

"परकर नेसायचो तेव्हापासूनची मैत्रीण होती माझी," त्या म्हणाल्या.

"होती कशाला म्हणता अक्का? राग निवळेल."

"नाही निवळायचा. मी ओळखते तिला." त्या उठल्या, पदर नीट केला आणि पोरीकडे बघून मला म्हणाल्या, "हिला दहीभात कालव. तिखट सोसत नाही तिला. तिची आज्जी साखर घालून देते."